गोठलेल्या भुईवरचा पाया

पाया कुठवर खणायचा, याचे उत्तर आपल्याकडच्या गवंड्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. मुरूम लागला, कातळ लागला की पहार थांबते, नारळ फुटतो आणि जोत्याचे काम सुरू होते. या रीतीत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की ती कुणी बोलूनही दाखवत नाही: वर घर आले म्हणून खालची जमीन बदलत नाही. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडच्या विस्तीर्ण मुलखात मात्र हे गृहीतक टिकत नाही. तिथे वरचा ओला थर उकरला की लागणारी भुई दगडाला हार जाणार नाही इतकी टणक असते, पण तो टणकपणा तिला थंडीने उसना दिलेला असतो. तिच्यावर घर उभे राहिले, चूल पेटली, की ऊब जमिनीतून खाली झिरपते आणि जिच्या भरवशावर भिंती चढवल्या तीच भुई चिखल होऊन बसते. घरच आपल्या पायाचा घात करते. या पेचातून वाट काढायला माणसाला तीन शतके लागली. त्या वाटेवरून आपण चालू लागलो की सुरुवातीला घर भेटत नाही, विहीर भेटते.

सायबेरियातल्या लेना नदीच्या काठी १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव्ह या कोसॅक सरदाराने लाकडी कोट उभारला. दहाएक वर्षांत तो जागा बदलून आज जिथे याकुत्स्क शहर आहे तिथे आला. मॉस्कोच्या झारने तिथे नेमलेल्या सुभेदारांना धान्य पिकवून दाखवायचे होते. १६४० च्या दशकात त्यांनी झारला कळवले की इथे शेतीची आशा धरू नये, कारण भर उन्हाळ्यातही जमीन पुरती वितळत नाही. या भुईची दप्तरात पडलेली ही अगदी आरंभीची नोंद, आणि ती एका तक्रारीच्या रूपाने झाली याचे नवल वाटायला नको. पुढे १६८५-८६ मध्ये याच गावात पाण्यासाठी विहीर खणायला घेतली गेली. १३ साझेन, म्हणजे सुमारे २८ मीटर खाली जाऊनही गोठलेली माती संपेना, तेव्हा काम सोडून दिले गेले. ही हकीकत विस्मरणातच जायची. पण पन्नास वर्षांनी योहान गेओर्ग ग्मेलिन हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ रशियाच्या मोठ्या उत्तर मोहिमेबरोबर याकुत्स्कला आला. १७३६ मध्ये तिथल्या एका आगीत त्याची पुस्तके आणि टिपणे जळाली, तरी त्याने गावाच्या जुन्या दप्तरातली विहिरीची नोंद हुडकली आणि युरोपला कळवली. युरोपने ती मानली नाही. जिच्यावर झाडे वाढतात ती जमीन खाली कायम गोठलेली कशी असेल, असा प्रश्न होता. एकोणिसावे शतक उजाडल्यावरसुद्धा लिओपोल्ड फॉन बुख यांच्यासारखा नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ ही बातमी भरवशाची नाही असेच म्हणत होता.

ती भरवशाची ठरवली एका व्यापारी कचेरीच्या कारभाऱ्याने. फ्योदोर शेर्गिन हा रशियन-अमेरिकन कंपनीच्या याकुत्स्क शाखेचा प्रमुख. १८२८ मध्ये त्याने कंपनीच्या आवारात विहीर खणायला घेतली. हेतू साधा होता, दारात पाणी हवे. तीसएक मीटर गेल्यावर, जुन्या विहिरीचे झाले तेच याही विहिरीचे होणार असे दिसू लागले आणि शेर्गिन थांबायच्या बेतात होता. त्याच सुमारास अलास्काकडे निघालेला फर्डिनांड व्रांगेल हा ध्रुवप्रदेशाचा जाणता दर्यावर्दी गावातून जात होता. त्याने शेर्गिनला गळ घातली: पाण्याचा नाद सोड, पण खणणे सोडू नकोस, हा थर कुठे संपतो ते जगाला कळू दे. आणि शेर्गिन खणत राहिला. १८३७ मध्ये काम थांबले तेव्हा विहीर ११६ मीटरांहून खोल गेली होती. पाण्याचा थेंब नव्हता, तळही गोठलेलाच होता. पाणी न लागलेल्या विहिरीला आपल्याकडे खड्डाच म्हणतील, पण विज्ञानाच्या इतिहासात तिच्याइतकी फळलेली कोरडी विहीर मला दुसरी ठाऊक नाही. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर हे मोठे जीवशास्त्रज्ञ या बातमीने झपाटले. त्यांनी अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ या तरुणाला सायबेरियाच्या मोहिमेवर धाडले. १८४४ च्या सुमारास मिडेनडॉर्फने शेर्गिनच्या विहिरीच्या भिंतींत ठरावीक अंतरांवर भोके पाडून तापमापक बसवले. खाली जावे तशी थंडी कमी होत होती. ती ज्या वेगाने कमी होते त्यावरून त्याने हिशेब मांडला की गोठलेला थर साधारण दोनशे मीटर जाडीचा असावा. लोकांच्या बोलण्यात असलेली गोष्ट अशी आकड्यांत आली. इकडे बेअर यांनी १८४३ मध्ये सायबेरियाच्या न वितळणाऱ्या बर्फावर अख्खा ग्रंथ सिद्ध केला होता. तो छपाईच्या उंबरठ्यावरून परतला, त्याची जुळवलेली प्रत जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिली आणि २००१ मध्ये, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी छापली गेली. या विषयाचा पहिला ग्रंथ म्हणावा तो त्या विषयाच्या संपूर्ण वाटचालीला ठाऊकच नव्हता, हे वाचून चुटपुट लागते.

एवढे सगळे होईतो घर बांधणाऱ्यांचे काय चालले होते? त्यांचे निभावत होते, कारण घरे लाकडाची होती. ओंडक्यांचे घर तिरके होते, कुरकुरते, दारे अडकतात, पण भंगत नाही. खालून पाचर मारून ते पुन्हा समतल करता येते. दगड-विटांच्या भिंतीला ही सवड नसते. ती सवड संपली १८९१ नंतर, जेव्हा सायबेरिया ओलांडणारी रेल्वे बैकल सरोवराच्या पलीकडे आणि पुढे अमूर नदीच्या मुलखात शिरली. रेल्वेला स्टेशने हवीत, इंजिनांना पाणी भरायला टाक्या हव्यात, आणि हे सगळे तापवलेले हवे. भट्ट्या पेटल्या आणि भिंतींना तडे गेले. त्याहून विचित्र प्रकार हिवाळ्यात घडे. कडाक्याच्या थंडीत जमीन वरून गोठत येते, खाली कायमचा गोठलेला थर असतोच, आणि मधल्या ओल्या पट्टीतले पाणी दोन्हीकडून दाबले जाते. सगळीकडची वाट बंद झालेली असताना उबदार घराखालचा तुकडा तेवढा मऊ राहिलेला असतो. पाणी तिथेच वर उसळते. जमीन फोडून ते घरात शिरते, खिडक्यांतून बाहेर पडते आणि पडता पडता गोठते. बर्फाने आतून गच्च भरलेल्या अशा घराचे छायाचित्र ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. रशियन भौगोलिक संस्थेने १८९५ मध्ये सायबेरियाची गोठलेली जमीन कशी तपासावी याची सूचनापत्रिका काढली. १९१२ मध्ये बोग्दानोव्ह या अभियंत्याचे अशा जमिनीवरील बांधकामांविषयीचे पुस्तक आले. ठेचांची शहाणपणात नोंद होऊ लागली होती.

इथे आपण मुख्य वाट क्षणभर सोडून शेजारच्या पायवाटेने जाऊ. जमीन कायम गोठलेली नसली, नुसती हिवाळ्यापुरती गोठत असली, तरी ती घराला स्वस्थ बसू देत नाही. ती फुगते आणि पाया वर उचलते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून माती फुगते, हे उत्तर पिढ्यान् पिढ्या पुरेसे वाटत आले होते. पण मोजणाऱ्यांना दिसे की जमीन त्या हिशेबाहून कितीतरी अधिक उचलली जाते. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातले, म्हणजे फारशी थंडी नसलेल्या प्रांतातले भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी याचा छडा लावला. १९२९ आणि १९३० च्या त्यांच्या लेखांतला एक प्रयोग फार देखणा आहे. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातले. बेंझिन गोठताना फुगत नाही, आक्रसते. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे उचलणारी शक्ती फुगण्यातली नव्हतीच. बारीक कणांची माती गोठू लागली की दिवा तेल ओढतो तशी ती खालचे पाणी वर ओढून घेते, ते पाणी भिंगासारख्या थरांत गोठत जाते, आणि हे थर वाढत वाढत वरचा भार उचलतात. १९३१ मध्ये आर्थर कासाग्रांदे यांनी कोणती माती अशी वागेल हे तिच्यातल्या अतिसूक्ष्म कणांच्या प्रमाणावरून ओळखण्याची कसोटी दिली, आणि १९३५ मध्ये स्वीडनच्या गुन्नार बेस्कोव्ह यांनी रस्त्यांच्या दृष्टीने हा सारा विषय एका ग्रंथात बांधला. मोटारी आल्यावर रस्त्यांवरचे बर्फ हिवाळाभर बाजूला सारले जाऊ लागले होते. जमिनीचे ते पांघरूणच गेल्याने गारठा अधिक खोल शिरू लागला होता. पाया गोठण्याच्या पातळीखाली न्यावा, किंवा त्याच्याभोवती पाणी साठू न देणारी भरड खडी भरावी, या गवंड्यांच्या जुन्या रीतीला आता कारण सापडले.

मुख्य वाटेवर परत येऊ. मिखाईल सुमगिन यांनी १९२७ मध्ये सोव्हिएत प्रदेशातल्या गोठलेल्या जमिनीवर आपला ग्रंथ छापला आणि तिच्यासाठी रशियन भाषेत ‘शाश्वत गोठण’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला. ‘शाश्वत’ हे विशेषण शास्त्राला झेपणारे नाही, अशी कुरकुर सहकाऱ्यांनी केली. शब्द टिकला. सुमगिन यांच्यापाशी ही जमीन समजून घेण्याची तळमळ होती, तर निकोलाय त्सितोविच यांच्यापाशी तिच्यावर भार ठेवण्याची. दोघांनी मिळून १९३७ मध्ये गोठलेल्या मातीच्या यांत्रिकीची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले. आजवर दोनच मार्ग दिसत होते: जमीन बांधकामाआधीच वितळवून घ्या, नाहीतर तिच्या वितळण्याला पुरून उरेल असे दणकट काही उभारा. आता तिसरा मार्ग पुढे आला, आणि विचारांची खरी कलाटणी ती हीच. जमिनीला गोठलेलीच राहू द्या. घराची ऊब तिच्यापर्यंत पोहोचूच देऊ नका. घर खांबांवर उचला, जोत्याच्या जागी मोकळी पोकळी ठेवा आणि हिवाळ्याचा वारा तिच्यातून खेळू द्या. आपल्या भाषेत ‘पाया मजबूत’ म्हणजे घर भुईला घट्ट चिकटलेले. इथे मजबुतीसाठी घराने भुईला शक्य तितके कमी शिवायचे होते. याकुत्स्कच्या मध्यवर्ती वीजकेंद्राची इमारत १९३७ मध्ये याच तत्त्वावर चालू झाली. आत अहोरात्र धगधगणाऱ्या भट्ट्या आणि खाली गोठलेली माती, यापेक्षा कठीण परीक्षा शोधून सापडली नसती. इमारत उभी राहिली.

सागराच्या पलीकडे उत्तर अमेरिकेला हे धडे ठाऊक नव्हते. कॅनडाच्या युकॉनमध्ये १८९६ च्या सोन्याच्या शोधानंतर डॉसन गाव रातोरात वसले. तिथली एकमेकांकडे कलून माथ्याला माथा टेकवलेली जुनी लाकडी दुकाने पाहायला आजही प्रवासी थांबतात. पण खरी शिक्षा मिळाली १९४२ मध्ये. जपानच्या धास्तीने अलास्कापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा लष्करी रस्ता एका हंगामात काढायचा होता. आफ्रिकन-अमेरिकन सैनिकांच्या पलटणींनी त्यातला मोठा वाटा उचलला. नेहमीच्या शिरस्त्याने बुलडोझरांनी वरचे शेवाळ आणि गवताळ थर खरवडून जमीन साफ केली. तो थर म्हणजे गोठलेल्या भुईची गोधडी होती. गोधडी निघाली, उन्हाळ्याचे ऊन लागले आणि रस्त्याची दलदल झाली. मग त्याच दलदलीवर झाडांचे ओंडके आडवे अंथरून, शेवाळाला हात न लावता, वर भराव टाकत पुढे सरकावे लागले. लष्कराने मग सायमन म्युलर यांना गाठले. हे जीवाश्मांचे अभ्यासक, स्टॅनफर्डला शिकवणारे, पण जन्म सायबेरियाच्या सीमेवरच्या ब्लागोवेश्चेन्स्कचा, त्यामुळे रशियन अवगत. त्यांनी सोव्हिएत ग्रंथांचे सार काढून १९४३ मध्ये इंग्रजीत अहवाल लिहिला आणि लांबलचक वर्णनाऐवजी एक सुटसुटीत शब्द घडवला: पर्माफ्रॉस्ट. आज आपण मराठीतही तोच वापरतो. या शब्दातही ‘कायम’ची छटा आली, सुमगिन यांच्या ‘शाश्वत’सारखीच. व्याख्या मात्र विनम्र आहे: सलग किमान दोन वर्षे शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन.

युद्धानंतर हे ज्ञान गावोगाव पोहोचले. कॅनडाने अक्लाविक या खचत चाललेल्या वस्तीला पर्याय म्हणून १९५० च्या दशकात इनुविक हे नवे गावच खांबांवर वसवले. १९६१ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. पाणी आणि सांडपाण्याच्या नळांनाही तिथे पुरले नाही, जमिनीवर उचललेल्या पेट्यांतून फिरवले. तिकडे रशियात नोरिल्स्कला कहाणी अधिक काळोखी आहे. १९३५ पासून ते शहर कैद्यांच्या श्रमाने उभे राहत होते. मोठ्या इमारतींसाठी गोठलेला थर फोडून खडकापर्यंत खड्डे नेले जात, आणि ते खणणारे हात कैद्यांचे असत. तिथल्याच एका माजी कैद्याने, मिखाईल किम या कोरियन वंशाच्या अभियंत्याने, हे खणणे अनावश्यक ठरवले. गोठलेल्या जमिनीत छिद्र पाडायचे, त्यात काँक्रीटचा खांब सोडायचा, भोवती पातळ गारा ओतायचा आणि थांबायचे. चारही बाजूंची थंडी गाऱ्याला गोठवते आणि खांब भुईत असा जखडतो की त्यावर बहुमजली इमारत पेलते. थंडीला सिमेंटचे काम दिले होते. या पद्धतीबद्दल १९६६ मध्ये किम यांना इतरांसह लेनिन पारितोषिक मिळाले. ज्या राजवटीने छावणीत डांबले तिनेच सन्मान केला, याची नोंद घेऊन पुढे जाण्यावाचून इतिहासकाराच्या हाती काही नसते. याकुत्स्कही अशाच खांबांवर वाढले. आज त्या शहरात चालताना इमारतींखालून आरपार दिसते आणि गरम पाण्याचे नळ रस्त्यांवरून कमानी करून जातात.

वारा खेळवून भागत नाही तिथे काय? अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी विभागात अलास्कात काम करणाऱ्या अर्विन लाँग यांनी १९६० च्या सुमारास यावर एक नळी पुढे आणली. बंद पोलादी नळी, अर्धी जमिनीत, अर्धी हवेत, आत थोडा अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात हवा भुईपेक्षा गार असते. तळाचा द्रव भुईची ऊब घेऊन वाफ होतो, वर चढतो, गार हवेत ती ऊब सोडून पुन्हा थेंब होतो आणि खाली ओघळतो. उन्हाळ्यात वरचे टोक गरम असते, वाफ थिजत नाही, आणि फेरा आपोआप थांबतो. ऊब बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. वीज नाही, पंप नाही. १९७७ मध्ये वाहू लागलेली १,२८७ किलोमीटरची अलास्काची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर जमिनीवर उचललेली आहे. तिच्या सुमारे ७८,००० आधारखांबांतल्या बहुतेकांच्या माथ्यावर पंख फुटल्यासारख्या दिसणाऱ्या अशा नळ्या आहेत. १ जुलै २००६ रोजी गोलमुड ते ल्हासा रेल्वे चालू झाली, तिच्या वाटेवरच्या सुमारे ५५० किलोमीटर गोठलेल्या मुलखातही आपल्याला याच नळ्या रुळांच्या कडेने रोवलेल्या दिसतात. तिबेटी पठारावर आणखी एक साधी युक्ती केली आहे: भरावात मोठमोठे दगड सैल रचायचे, म्हणजे हिवाळ्याची जड गार हवा फटींतून आपसूक खाली उतरते आणि उन्हाळ्यात तिथेच मुक्काम करते.

या कहाणीला गोव्याचाही एक धागा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. १९८३-८४ मध्ये उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले केंद्र समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावर होते. साचत्या बर्फाखाली ते गाडले गेले आणि ते सोडावे लागले. १९८९ चे ‘मैत्री’ शिर्माखेरच्या उघड्या खडकावर, पोलादी पायांवर उचलून बांधले, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारे बर्फ इमारतीशी न अडता खालून निघून जाईल. गोव्यातल्याच वास्को-द-गामाच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून आज ‘मैत्री’चा कारभार चालतो. भुई वेगळी, अडचण वेगळी, पण उत्तर याकुत्स्कचेच: घर उचला, वाऱ्याला वाट द्या.

ज्या करारावर हे सारे उभे आहे त्याचा दुसरा पक्ष थंडी आहे, आणि थंडी आता माघार घेते आहे. २० जून २०२० रोजी याकुतियातल्या वेर्खोयान्स्कला पारा ३८ अंशांवर गेला. ध्रुववृत्ताच्या उत्तरेला नोंदलेले हे सर्वोच्च तापमान म्हणून जागतिक हवामान संघटनेने पुढे मान्य केले. त्याआधी तीन आठवडे, २९ मे रोजी, नोरिल्स्कच्या एका वीजकेंद्रात डिझेलच्या टाकीखालचे आधार खचले आणि सुमारे २१,००० टन डिझेल बाहेर आले, त्यातले बहुतेक नद्यांत उतरले. दोष वितळत्या भुईचा किती आणि बांधकाम-देखभालीतल्या हयगयीचा किती, यावर वाद झडला. माझ्या मते हा वाद अर्धवट आहे, कारण गोठलेल्या भुईवर देखभाल म्हणजेच भुईचे तापमान सांभाळणे. खांबाचे काँक्रीट तेच राहते. भोवतीची माती उणे पाचावरून उणे एकावर आली की न वितळताही तिची पकड ढिली पडू लागते. म्हणून आता सायबेरियात आणि अलास्कात इमारतींखाली तापमापक पुरले जातात आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात, मिडेनडॉर्फने शेर्गिनच्या विहिरीत ठेवल्या तशाच. ती विहीर याकुत्स्कमध्ये अजून आहे. तिच्यावर लाकडी छत घातलेले आहे.

येनिसेई नदीवरच्या इगार्का गावात गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्यांनी खणलेली तळघरे आहेत. आज तिथे पर्माफ्रॉस्टचे संग्रहालय आहे. कायमच्या थंडीत वस्तू जपून ठेवणारे भुयारी संग्रहालय असावे ही कल्पना मुळात सुमगिन यांची. १९५० च्या एप्रिलमध्ये तिथल्या संशोधकांनी महायुद्धाच्या वर्षांतली वृत्तपत्रे एकत्र बांधली, तळघराच्या गोठलेल्या मातीत ठेवली आणि सोबत विनंती लिहून ठेवली की ती ९ मे २०४५ रोजी, युद्ध संपल्याला शंभर वर्षे होतील तेव्हा उघडावीत. भोवती ना पेटी पोलादाची, ना भिंत काँक्रीटची. ९५ वर्षांची ही ठेव त्यांनी नुसत्या गोठलेल्या भुईच्या हवाली केली.